रात्र, शिफ्ट आणि यंत्र : ठाणे–मुंबई परिसरातील खर्जवादकाच्या उपजीविकेचा इतिहास

(१) विषय आणि त्याची अडचण

महाराष्ट्रातील संगीताचा जो इतिहास आजवर लिहिला गेला आहे, तो बहुतांशी गायकांचा, रचनाकारांचा आणि घराण्यांचा इतिहास आहे. साथीदारांचा उल्लेख त्यात येतो तो प्रसंगोपात्त; आणि साथीदारांतही जो सर्वांत खालचा सूर सांभाळतो, त्याचा उल्लेख तर क्वचितच येतो. सनईच्या जोडीला अखंड षड्ज धरून बसणारा सूरवादक, तमाशाच्या फडातील सुरत्या, चित्रपटाच्या वाद्यवृंदातील डबल बास वाजविणारा गोमंतकीय वादक, आणि आज लग्नाच्या हळदीला किंवा उत्सवाच्या मंडपात बास गिटार घेऊन उभा राहणारा तरुण, ही सर्व एकाच कामाची निरनिराळी रूपे होत. या सर्वांना येथे सोयीसाठी ‘खर्जवादक’ म्हटले आहे. त्यांचे काम वाजत असताना श्रोत्यांच्या ध्यानात येत नाही. ते थांबले म्हणजे मात्र वरची सारी इमारत डळमळल्यासारखी वाटते.

अशा वादकाचा इतिहास कोणत्या अंगाने लिहावयाचा? त्याच्या कलेच्या अंगाने लिहावयाचा तर साधने तुटपुंजी आहेत. त्याच्या उपजीविकेच्या अंगाने पाहिले तर एक प्रश्न असा सापडतो की, ज्याच्या आधारे निरनिराळ्या काळांतील वादकांची तुलना करता येते. तो प्रश्न म्हणजे : त्याचा मोबदला कोणत्या एककात मोजला जात होता? वर्षाच्या, हंगामाच्या, महिन्याच्या, रात्रीच्या की काही तासांच्या?

हा प्रश्न विचारण्यास भिवंडीसारखे दुसरे सोयीचे गाव नाही. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग चालविले. १९३० च्या दशकात यंत्रमाग आले. आणि मुंबईतील १९८२ च्या गिरणी संपानंतर कापडधंद्याचा मोठा भाग अशा यंत्रमागांच्या गावांकडे सरकला. गिरणीतील कामगार महिन्याच्या पगारावर होता. मागावरच्या कारागिराची मजुरी मात्र विणलेल्या कापडाच्या मीटरवर मोजली जाते. वीज गेली, सूत आले नाही, मालाला उठाव नाही, की मजुरी थांबते. मोबदल्याचे एकक बदलले म्हणजे धंद्याची जोखीम कोणाच्या डोक्यावर येते, हे भिवंडीतील कोणाही कारागिराला समजावून सांगावे लागत नाही. वादकाच्या बाबतीतही हेच घडले. एवढेच की त्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

(२) वर्ष आणि हंगाम

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजीआप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतील नवसाशी जोडले जाते. मंदिराच्या प्रवेशद्वारावर नगारखाना आहे. त्याच्या बांधणीचे श्रेय परंपरा बडोद्याच्या गायकवाडांना देते. नगारखाना ही केवळ वास्तू नसून ती एक व्यवस्था होती, हे येथे ध्यानात ठेविले पाहिजे. ठरलेल्या प्रहरी चौघडा वाजावयाचा, सनई वाजावयाची, आणि सनईच्या मागे दुसऱ्या एका नळीतून एकच स्वर अखंड निघावयाचा. या दुसऱ्या नळीला ‘सूर’ म्हणतात. तो धरणारा गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत, स्वर तुटू न देता वाजवितो. त्याच्या वाट्याला ना तान, ना आलाप. परंतु सनईची प्रत्येक जागा त्याच्या स्वरावरून मोजली जाते.

हे काम करणाऱ्या गुरव, घडशी आदी जातींतील वादकांचा मोबदला सामान्यतः वर्षाच्या हिशेबाने ठरे. गुरव हा गावगाड्यातील बलुतेदार. सुगीला धान्याचा वाटा, देवस्थानाच्या जमिनीचे उत्पन्न, लग्नकार्यातील मानपान, हे त्याचे हक्क. पाऊस लागला, एखादा सण सुना गेला किंवा वादक आठ दिवस तापाने पडला, तरी त्याचा वर्षाचा वाटा नाहीसा होत नसे. घरातला दुसरा कोणी त्याच्या जागी उभा राही. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. काम जन्माने ठरत असे, ते सोडून जाण्याची मुभा फारशी नसे, आणि पीक बुडाले म्हणजे गावाबरोबर वादकही उपाशी राही. तथापि जोखीम गावाने वाटून घेतलेली असे. दुसरी गोष्ट अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. हक्क वर्षानुवर्षांचा असल्यामुळे त्याची लेखी नोंद होई. इनामांच्या व वतनांच्या कागदांत, निवाड्यांत, देवस्थानांच्या जमाखर्चांत या वादकांची घराणी नावानिशी सापडतात.

तमाशाच्या फडात एकक हंगामाचे झाले. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडावयाचा आणि वैशाखाच्या अखेरीस परतावयाचा. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रांच्या सुपाऱ्या तेथे ठरवितात. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झांजवाला, सुरत्या हे हंगामापूर्वी मालकाकडून ‘उचल’ घेतात. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. ती पावसाळ्याच्या बेकारीत घर चालविते आणि पुढच्या हंगामासाठी वादकाला बांधूनही ठेविते. येथे जोखीम फडमालक आणि वादक यांच्यात विभागलेली दिसते : जत्रा बुडाली तर मालकाचे नुकसान, आणि उचल फिटली नाही तर वादकाचे स्वातंत्र्य गहाण. नोंद आता गावाच्या दप्तरात राहिली नाही. ती फडमालकाच्या वहीत गेली, आणि फड मोडला म्हणजे वहीही गेली.

(३) महिना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संगीत नाटक मंडळ्यांनी आणि पुढे चित्रपट कंपन्यांनी वादकाला एक नवे एकक दिले. ते म्हणजे महिन्याचा पगार. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये सहकाऱ्यांसह स्थापिलेल्या गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर होते. असे नामवंत साथीदार हा अपवाद होय. परंतु मंडळीचे बिऱ्हाड, तिचा स्वयंपाक, तिचा रेल्वेप्रवास यांत सर्वच साथीदारांची सोय होत असे. १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास गेलेली प्रभात फिल्म कंपनी ही याच पद्धतीचे पुढचे रूप. केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांच्यासारख्या संगीतकारांपासून वाद्यवृंदातील वादकांपर्यंत सर्वजण कंपनीच्या आवारात नोकरीस असत. चित्रपट पडला तरी तेवढ्यामुळे त्या महिन्याचा पगार बुडत नसे.

१९४० च्या दशकात ही पद्धत मोडली. स्वतंत्र निर्माते भांडवल घेऊन आले. त्यांना कलावंत व वादक एका चित्रपटापुरते, एका गाण्यापुरते हवे होते. कायमची नोकरी गेली आणि रोजाचे काम आले. नेमक्या याच वेळी मुंबईत असा एक वादकवर्ग तयार होता की, ज्याला कायमच्या नोकरीची सवय नव्हती, परंतु जो कागदावर लिहिलेले कोणतेही संगीत समोर ठेविताक्षणी वाजवू शकत होता. हा वर्ग गोमंतकीयांचा.

(४) गोमंतकीय वादक आणि लिहिलेला सूर

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चबरोबर संगीतशिक्षण आले. चर्चच्या शाळेत ‘मेस्त्र’ मुलांना स्वरलेखन वाचावयास, व्हायोलिन वाजवावयास आणि समूहात गावयास शिकवी. या समूहगायनात चार स्वरपंक्ती असतात आणि त्यांतील सर्वांत खालची पंक्ती ‘बास’. येथे एक मूलभूत फरक लक्षात घ्यावयास हवा. सनईमागचा सूर एकाच ठिकाणी स्थिर राहतो. बासची पंक्ती चालते. वरच्या स्वरांचा मेळ बदलला की खालचा स्वरही बदलतो. म्हणून बास वाजविणाऱ्याला केवळ दम असून भागत नाही. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक होण्याचे साधन म्हणजे समोरचा लिहिलेला कागद. स्वरलेखनाचे हे ज्ञान पेटीत भरून कोठेही नेता येण्याजोगे भांडवल होते. शेतजमीन थोडी असलेल्या गावांतील तरुणांनी ते बरोबर घेतले आणि मुंबई गाठली.

मुंबईत धोबीतलाव, माझगाव आदी भागांत प्रत्येक गावाचा एक ‘कूड’ असे. कूड म्हणजे त्या गावच्या लोकांनी वर्गणीवर चालविलेले सामाईक बिऱ्हाड. भिंतीशी ओळीने लाकडी पेट्या, रात्री जमिनीवर चटया, एका बाजूला वेदी आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. बोटीवर चढण्याची वाट पाहणारा खलाशी, नोकरी शोधणारा आचारी आणि काम नसलेला वादक येथे शेजारी शेजारी झोपत. ज्या धंद्यात पुढच्या आठवड्याची खात्री नाही, त्या धंद्यात राहण्याचा खर्च किमान ठेवणे ही पहिली गरज. कूड ती भागवी. गावगाड्याने जी जोखीम वाटून घेतली होती, तिचा थोडा अंश या शहरी गावाने उचलला असे म्हणता येईल.

कामाचे क्षेत्र मात्र सारखे बदलत राहिले. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे बसून वाजविणारे वाद्यवृंद होते. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला, बोलपटांचे युग सुरू झाले आणि पडद्यापुढच्या या जागा थोड्याच काळात रिकाम्या झाल्या. दरम्यान मोठ्या हॉटेलांत नृत्यसंगीताची मागणी वाढली. १९०३ मध्ये सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचे पथक आले. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांनी जाझ आत्मसात केले. हळदोणे गावचे आंतोनियो शाव्हियेर वाझ (१९१६–१९६७) हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने स्वतःचे पथक चालवू लागले. जाझमध्ये डबल बास हे तालाचे आणि मेळाचे दोन्ही काम करते. त्यामुळे या पथकांत खर्जवादकाला कायमचे स्थान मिळाले.

हे स्थान कायद्याच्या एका फटक्याने डळमळले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील नृत्यरात्रींचा आर्थिक पाया काढून घेतला. दारूबंदीच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु तिच्यामुळे ज्यांच्या रात्री गेल्या त्या वादकांचा विचार त्या चर्चेत दिसत नाही. रात्रीवर मोबदला घेणाऱ्याला ती रात्र कोणाच्या निर्णयाने गेली याने फरक पडत नाही. ती गेली एवढेच त्याच्या हिशेबात येते.

(५) शिफ्ट

हॉटेलातून निघालेल्या वादकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांनी आश्रय दिला. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटासाठी चिक चॉकलेट व त्यांच्या पथकाचा उपयोग केला. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर–जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंदाची मांडणी लिहिली. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी अशा मांडणीचे काम तर केलेच, परंतु १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारलेले संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करण्याचा प्रयोगही केला. संगीतकार चाल बांधी. ती चाल कोणत्या वाद्याने कोठे वाजवावयाची हे मांडणीकार कागदावर उतरवी. आणि तो कागद वाचून वादक वाजवीत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक असे, मांडणीकाराचे असल्यास ‘साहाय्यक’ म्हणून असे, आणि वादकांची नावे बहुधा नसत.

ध्वनिमुद्रणाचे एकक शिफ्ट हे होते. शिफ्ट म्हणजे काही ठरलेले तास. काम लांबले तर जादा. गायक आणि सर्व वादक एकाच वेळी वाजवीत, आणि एकाची चूक झाली तरी सर्वांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. बास वाजविणाऱ्याच्या चुकीला लपण्यास जागा नव्हती, कारण त्याच्या वाद्याची संख्या वृंदात एक किंवा दोन एवढीच असावयाची. वीस व्हायोलिनांत एक बोट चुकले तर ते कदाचित निभावून जाई. अशा रीतीने ज्याचे काम कोणाच्या लक्षात येत नाही, त्याची चूक मात्र सर्वांच्या लक्षात येई.

वादकांनी या काळात एक महत्त्वाची गोष्ट केली. १९५० च्या दशकात त्यांनी आपली संघटना उभारली, आणि तिच्या द्वारे श्रेणी, दर व कामाचे तास यांविषयी निर्मात्यांशी बोलणी होऊ लागली. हॉटेलातील रात्र आणि स्टुडिओतील शिफ्ट ही दोन्ही एकके लहान. परंतु शिफ्टमागे संघटना असल्यामुळे तिला निश्चित किंमत आली. एकक लहान झाले म्हणजे वादक असहाय होतोच असे नाही, हे या उदाहरणावरून सिद्ध होते. जोखीम वाटून घेणारी एखादी संस्था असली पाहिजे. ती गाव असेल, कूड असेल वा संघटना असेल.

वाद्य नेण्याआणण्याची अडचण हीदेखील या इतिहासाची एक बाजू आहे. डबल बास हे माणसाहून उंच वाद्य. ते ट्रॅममध्ये चढत नाही, बसमध्ये मावत नाही. लोकलच्या सामानाच्या डब्यातून न्यावे तर गर्दीत लाकूड तडकण्याची भीती. पावसाळ्यात लाकूड फुगते व सूर उतरतो. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली तेव्हा तिच्या यशाचे एक कारण नाद हे होते आणि दुसरे कारण हे ओझे हेच होते. पुढील काही वर्षांत मुंबईतही ही गिटार रूढ झाली. राहुलदेव बर्मन यांच्या वादकांतील टोनी वाझ हे नाव बास गिटारशी निगडित आहे. खर्जवादक प्रथमच आपले वाद्य खांद्याला लावून गाडीत चढू शकला. मात्र वाद्याचे वजन कमी झाले तसा विजेचा खर्च व ध्वनिवर्धकाची पेटी त्याच्या मागे लागली, आणि आयात परवान्यांच्या त्या काळात तारांचा एक संचही जपून वापरावा लागे.

(६) यंत्र

चरणजित सिंग (१९४०–२०१५) हे मुंबईतील एक व्यावसायिक वादक. त्यांनी अनेक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत बास गिटार, गिटार आणि विजेवर चालणारी स्वरवाद्ये वाजविली, आणि लग्नसमारंभांत स्वतःचा वाद्यवृंदही चालविला. म्हणजे शिफ्ट आणि रात्र ही दोन्ही एकके त्यांच्या आयुष्यात एकत्र होती. १९८२ मध्ये त्यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी एक तबकडी केली. तिच्यात भैरव, ललत, यमन, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले होते. त्यासाठी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली. त्यांपैकी टीबी–३०३ हे यंत्र १९८१ ते १९८४ या काळात विकले गेले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास वाजविणाऱ्या साथीदाराची उणीव भासू नये, एवढ्यासाठीच ते बनविले होते.

या घटनेतील अर्थ स्पष्ट आहे. ज्याची उपजीविका बास वाजविण्यावर होती, त्याने बासवादकाची जागा घेण्यासाठी बनविलेले यंत्र स्वतः विकत घेतले आणि त्याला राग शिकविले. तबकडीला त्या वेळी विशेष यश आले नाही. यंत्रही कंपनीच्या अपेक्षेप्रमाणे खपले नाही. त्याचा आवाज खऱ्या बाससारखा वाटत नाही, असा आक्षेप होता. पुढे १९८७ च्या सुमारास शिकागोतील तरुणांनी स्वस्तात मिळालेल्या याच यंत्रातून नृत्यसंगीताचा नवा प्रकार निर्माण केला, आणि २०१० मध्ये चरणजित सिंगांची तबकडी नव्याने प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे काम त्या प्रकाराशी किती जुळते, याचे पाश्चात्त्य श्रोत्यांस आश्चर्य वाटले. वृद्धापकाळी त्यांना कीर्ती लाभली. ही कीर्ती त्यांना मिळू शकली याचे कारण तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापलेले होते. ज्या शेकडो गाण्यांत मुंबईच्या खर्जवादकांनी शिफ्टवर वाजविले, त्या गाण्यांच्या वेष्टनांवर त्यांची नावे नाहीत.

यंत्राने वादकांची संख्या कमी केली ती एकाएकी नव्हे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक पट्ट्यांवर वेगवेगळे ध्वनिमुद्रण, संगणकावर रचलेले ठेके आणि स्वरयंत्रे यांमुळे सर्वांनी एकत्र बसून वाजविण्याची गरज संपत गेली. शिफ्ट हे एकक त्यामुळे खिळखिळे झाले, आणि ज्यांना काम हवे होते त्यांना पुन्हा जुन्या एककाकडे, म्हणजे रात्रीकडे, वळावे लागले.

(७) भिवंडीची रात्र

आज भिवंडी, कल्याण, ठाणे या पट्ट्यात वाजविणाऱ्या खर्जवादकाचे वर्ष दोन पंचांगांवर चालते. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत हिंदूंची लग्नसराई. चातुर्मासात मुहूर्त नाहीत. भाद्रपदात गणपती आणि आश्विनात नवरात्र हे काय ते मधले आधार. आगरी वस्तीच्या गावांत लग्नापेक्षाही आदल्या रात्रीची हळद वादकाला अधिक काम देते. दुसरीकडे गावातील मुसलमान कुटुंबांची कार्ये हिजरी महिन्यांवर ठरतात. रमजान व मोहरम यांत ती सामान्यतः होत नाहीत, आणि हे महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. ज्या वर्षी रमजान ऐन मे महिन्यात येतो त्या वर्षी कामाचे दिवस वेगळे, आणि तो पावसाळ्यात येतो त्या वर्षी वेगळे. धंद्यात टिकावयाचे तर ही दोन्ही गणिते वादकाला जुळवावी लागतात.

सुपारी वाद्यवृंदाचा मालक घेतो. विसारही त्याच्याकडेच राहतो. वादकाला तारीख तोंडी सांगितली जाते आणि पैसे कार्यक्रमानंतर मिळतात. कार्य पुढे ढकलले गेले तर विसाराचा वाद यजमान व मालक यांच्यात होतो. त्या तारखेसाठी दुसरे काम नाकारून बसलेल्या वादकाचा त्या वादात पक्ष नसतो. गाण्यांची यादी बहुधा मंडपातच कळते. एक गायक ‘काळी एक’मध्ये गाणार, दुसरी गायिका ‘काळी पाच’मध्ये, तेच गाणे कोणत्याही पट्टीत तात्काळ उचलता येणे ही खर्जवादकाची पहिली पात्रता. भिवंडी शहर मुंबईच्या मुख्य उपनगरी रेल्वेमार्गांवर नाही. तेव्हा कल्याण किंवा ठाण्यापर्यंत रस्त्याने जावयाचे, आणि शेवटची लोकल चुकली तर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत फलाटावर वाद्य उशाशी घेऊन बसावयाचे. परतीच्या वाहनाची सोय कोणी करावयाची हा मुद्दा म्हणूनच मोबदल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

या रात्रीवर येणारी संकटे वादकाच्या हातची नसतात. मे १९७० आणि मे १९८४ या दोन्ही वेळी भिवंडीत भीषण दंगली झाल्या. त्यांतील मनुष्यहानीपुढे इतर कोणतेही नुकसान गौण आहे. तरीही मे हा लग्नसराईचा महिना आहे हे लक्षात घेतले म्हणजे संचारबंदीचा एकेक दिवस रोजाने वाजविणाऱ्या घराला काय पडला असेल याची कल्पना येते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिवर्धकास मनाई केली, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निर्बंधावर शिक्कामोर्तब केले. वृद्धांच्या व आजाऱ्यांच्या दृष्टीने हे नियम आवश्यकच आहेत. परंतु ‘रात्र’ हे एकक त्यांमुळे संध्याकाळपुरते आखूड झाले. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत लग्नसमारंभ प्रथम थांबले आणि नंतर पन्नास माणसांपुरते उरले. पन्नास माणसांच्या लग्नात वाद्यवृंदाला जागा नव्हती. गावगाडा, नाटक मंडळी, कूड वा संघटना, यांपैकी पाठीशी काहीही नसलेला वादक या काळात प्रथमच पूर्णतः एकटा पडला.

(८) नोंदीचा प्रश्न

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. मोबदल्याचे एकक वर्षावरून हंगामावर, महिन्यावर, शिफ्टवर आणि रात्रीवर येत गेले तसतशी धंद्याची जोखीम समाजाकडून वादकाकडे सरकत गेली. जेथे एखादी सामाईक संस्था मध्ये उभी राहिली तेथेच ती काहीशी थोपविली गेली. हा पहिला निष्कर्ष. दुसरा असा की, एकक जसजसे लहान होत गेले तसतशी वादकाच्या कामाची लेखी नोंदही अल्पायुषी होत गेली. वतनाचा कागद शतकभर टिकला, फडमालकाची वही त्याच्या हयातीपर्यंत, स्टुडिओची पावती हिशेब पुरा होईपर्यंत. आणि मंडपातील रात्रीची तर पावतीच नाही.

ही नोंद केवळ इतिहासकाराच्या सोयीसाठी हवी आहे असे नव्हे. १९९४ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यातील ‘कलावंत’ या व्याख्येत वादकाचा समावेश झाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाल्यास त्याला मानधनाचा वाटा मिळण्याचे तत्त्व मान्य झाले. परंतु ज्याने वाजविले त्याचे नाव कोठेच लिहिलेले नसेल, तर हा हक्क मागावयाचा कोणी आणि कशाच्या आधारे? गुरवाच्या पूर्वजांना निवाड्यात जो कागद पुढे करता येत असे, तसा कागद आजच्या खर्जवादकाजवळ नाही.

म्हणून या विषयाचे पुढील काम ग्रंथालयात जितके आहे तितकेच बाहेर आहे. संघटनांची सदस्यपुस्तके, मांडणीकारांच्या घरी पडून असलेले स्वरलेखनाचे कागद, वाद्यवृंदमालकांच्या तारखांच्या डायऱ्या, वृद्ध वादकांच्या तोंडी आठवणी, ही सारी साधने अद्याप हाती येण्याजोगी आहेत. मात्र ती फार काळ टिकणारी नाहीत. कोणत्या गाण्यात, कोणत्या तारखेस, कोणी खर्ज सांभाळला, याची साधी यादी करणे हे काम दिसावयास लहान आहे. परंतु ते झाले तर महाराष्ट्राच्या संगीतेतिहासात पहिल्यांदाच खालच्या सुराची जागा भरून निघेल, आणि हयात असलेल्या काही वादकांच्या हाती आपला हक्क सिद्ध करण्यास एक कागद येईल.